अंटार्क्टिकाच्या छोट्या जहाजावर केबिन स्टिवर्डची नोकरी: स्वीकारावी का?

कुडाळचा_पाहुणा

नमस्कार. हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेऊन मी गेली साडेतीन वर्षे पुण्यातील एका हॉटेलच्या हाउसकीपिंग विभागात काम करतो. मुंबईतील एका एजन्सीमार्फत मुलाखत झाली आणि आता मला एका एक्स्पिडिशन जहाजावर केबिन स्टिवर्डची जागा देऊ केली आहे. जहाजावर साधारण एकशे तीस प्रवासी आणि नव्वदच्या आसपास कर्मचारी असतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात ते अर्जेंटिनातील उशुआया बंदरातून अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या फेऱ्या करते. करार साडेचार महिन्यांचा आहे.

आमच्या भागातील क्रूझवर जाणारी जी मुले माझ्या ओळखीची आहेत, ती सगळी तीन-चार हजार प्रवाशांच्या जहाजांवर आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणालाही या छोट्या जहाजांविषयी काही सांगता येत नाही. एकाने तर “तिकडे टिप मिळत नाही आणि बोट उलटीपालटी होते” एवढ्यावरच विषय संपवला. प्रत्यक्ष काम कसे असते, समुद्र कितपत सोसतो आणि कर्मचाऱ्यांना तो बर्फाळ किनारा कधी पाहायला मिळतो का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. आईचा प्रश्न वेगळाच आहे: गणपतीला घरी असशील की नाही?

तारवटी_मडगाव

आमच्या घरातला मी तिसऱ्या पिढीचा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. आजोबा बोटीची वाट पाहत मुंबईत धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहात, महिनोन्‌महिने राहिले, वडील मालवाहू जहाजांवर होते, आणि मी मोठ्या क्रूझवर पाच वर्षे काढून पुढचे सहा हंगाम दक्षिणेकडच्या छोट्या जहाजांवर हाउसकीपिंगमध्येच काढले. त्यामुळे दोन्हींची तुलना थोडी अधिकाराने करू शकतो.

छोट्या जहाजावर “माझे काम एवढेच” असे म्हणायची सोय नसते. सकाळी केबिन आवरणारा माणूस दुपारी परतलेल्या प्रवाशांचे बूट घासायला उभा असतो, प्रवासी बदलण्याच्या दिवशी धक्क्यावर बॅगा उचलतो आणि मसाल्या-भाज्यांची खोकी आली की साखळीत उभा राहून ती शीतगृहापर्यंत पोचवतो. तो दिवस सर्वांत जड. आधीचे प्रवासी सकाळी नाश्ता करून उतरतात आणि नवे दुपारी चारच्या सुमारास चढतात, तेवढ्यात प्रत्येक केबिन नव्यासारखी दिसली पाहिजे.

पुण्याच्या हॉटेलात पाहुणा कधी बाहेर जातो याचा तुम्हाला अंदाज असेल. इथे तो अंदाज विसरा. अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक प्रवासी उतरवत नाहीत, म्हणून तुमच्या एकशे तीस प्रवाशांपैकी निम्मे किनाऱ्यावर असतील तेव्हा उरलेले रबरी झोडियाक बोटींतून हिमनग पाहत फिरत असतील, आणि तास-दीड तासाने त्यांची अदलाबदल होईल. कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात वारा फिरतो, बर्फाचा पट्टा खाडीच्या तोंडाशी येऊन बसतो, रात्री जाहीर झालेला कार्यक्रम पहाटे सहाला कॅप्टन आणि एक्स्पिडिशन लीडर मिळून बदलतात, आणि ज्या बारा केबिन दहाला रिकाम्या होणार होत्या त्यांतली माणसे अजून पलंगावर बसून मोजे चढवत असतात. कामाचा वेग तोच ठेवून क्रम मात्र तासातासाला बदलायचा, हेच या नोकरीतले खरे कौशल्य आहे.

बुटांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण मुलाखतीत हे कोणी सांगत नाही. पेंग्विन क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खातात, त्यामुळे त्यांची विष्ठा गुलाबी असते, आणि वसाहतीतून परतलेल्या साठ-सत्तर प्रवाशांच्या बुटांना ती भरलेली असते. सडलेली सुकट आणि अमोनिया एकत्र केल्यावर येईल तसा तो वास मड रूममधून, म्हणजे बूट काढण्या-धुण्याच्या खोलीतून, जिन्यापर्यंत पोचतो. बूट ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवल्याशिवाय कोणालाही आत किंवा पुन्हा किनाऱ्यावर जाऊ देत नाहीत. प्रवासाच्या सुरुवातीला प्रत्येक जाकिटाचे खिसे व्हॅक्यूमने साफ करतात आणि वेल्क्रोत अडकलेली गवताची कुसळे चिमट्याने एकेक काढतात. ऑक्टोबर 2023 मध्ये दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटांवर बर्ड फ्लू आढळल्यापासून तर प्रवाशांना जमिनीवर बसू किंवा बॅगही टेकवू देत नाहीत. हे काम कंटाळवाणे आहे. मला मात्र ते आवडत असे, कारण त्या खोलीत प्रवासी तुमच्याशी माणसासारखे बोलतात.

आता ड्रेक पॅसेज. उशुआयाहून निघाल्यावर बीगल खाडी संपली की सुमारे दोन दिवस हा समुद्र ओलांडावा लागतो, आणि परतताना पुन्हा दोन दिवस. निघण्यापूर्वीच जेवणघरातल्या खुर्च्या साखळीने जमिनीला अडकवतात, ताटे घसरू नयेत म्हणून टेबलांवर ओलसर चादरी अंथरतात, आणि प्रत्येक केबिनमध्ये जाऊन न्हाणीघरातल्या बाटल्या बेसिनमध्ये आडव्या ठेवणे हे आपले काम असते. मार्गिकेच्या कठड्यात दर काही पावलांवर उलटीच्या कागदी पिशव्या खोचलेल्या असतात. आपल्या पोटात ढवळत असताना दुसऱ्याची पिशवी उचलायची असते, हे मनाशी धरूनच जा. झोपताना गादीच्या बाहेरच्या कडेखाली लाइफजॅकेट खोचा, म्हणजे गादीला खोलगट आकार येतो आणि तुम्ही पलंगावरून गडगडत नाही. हे मला एका वृद्ध फिलिपिनो सहकाऱ्याने पहिल्याच रात्री शिकवले. माझे शरीर तिसऱ्या फेरीत सरावले. एका मुलाला मात्र पूर्ण हंगामात सवय झाली नाही आणि तो मधेच साइन ऑफ करून घरी गेला. गोळी घ्यायची असेल तर उलटी सुरू होण्यापूर्वी, आणि जहाजावरील डॉक्टरांना विचारूनच घ्या, कारण काही गोळ्यांनी फार झोप येते.

किनारा पाहायला मिळतो का? मिळतो, पण तो हक्क नव्हे. प्रवाशांच्या फेऱ्या उरकून वेळ उरला आणि तुमचा विभागप्रमुख मोकळे करायला तयार झाला, तर एक बोट कर्मचाऱ्यांसाठी निघते. पहिल्या हंगामात मी चार वेळा उतरलो. नेको हार्बरला माझ्या वाट्याला बरोबर पंचवीस मिनिटे आली होती. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहायचे म्हणून मी एका जागी उभा राहिलो, तर एक जेंटू जातीचा पेंग्विन स्वतःच चालत आला आणि माझ्या बुटाच्या पट्ट्याला चोच मारू लागला. समोर हिमनदी, आणि माझे लक्ष घड्याळाकडे, कारण साडेचारला टॉवेल बदलायचे होते.

हर्णैचा_डेकवाला

वरील प्रतिसाद उत्तम आहे. डेकच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो.

लहान जहाजावर सुरक्षेच्या कामातून स्टिवर्डची सुटका नसते. प्रवासी जहाजावर दर आठवड्याला आग लागण्याची आणि जहाज सोडण्याची ड्रिल होते आणि तीत तुमचे नाव कुठल्या ना कुठल्या तुकडीत असतेच: जिन्यावर उभे राहून प्रवाशांना वाट दाखवणे, केबिन रिकाम्या झाल्या की नाही हे पाहणे, किंवा स्ट्रेचर उचलणे. दहाव्या ड्रिलला कंटाळा येतो हे खरे. तरीही 23 नोव्हेंबर 2007 रोजी ‘एक्सप्लोरर’ हे लहान जहाज साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाला धडकून बुडाले, तेव्हा त्यावरचे सर्व 154 लोक वाचले, आणि उघड्या व रबरी बोटींत कित्येक तास काढल्यानंतर त्यांना दुसऱ्या जहाजाने उचलले, हे नव्या मुलांना मी नेहमी सांगतो. तिथे मदतीला येणारे जहाज म्हणजे बहुधा तुमच्यासारखेच दुसरे प्रवासी जहाज असते.

दुसरे असे की कर्मचाऱ्यांच्या केबिन पाण्याच्या पातळीजवळ असतात. जहाज तुटलेल्या बर्फातून जाऊ लागले की वरच्या मजल्यावर कोणी लोखंडी कपाट फरफटत नेत आहे असा आवाज थेट उशीपाशी येतो. पहिल्या रात्री मी कपडे करून बसलो होतो. माझ्या बर्थखालचा सहकारी घोरत होता. डिसेंबरात रात्रीही पुरता अंधार पडत नाही, म्हणून खिडकी असलेली केबिन मिळाली तर गडद पडदा लावल्याशिवाय झोप लागणार नाही.

कागदपत्रे_आधी

जहाजभरतीशी संबंधित कामात माझी वीस वर्षे गेली आहेत, म्हणून समुद्रापेक्षा कागदांविषयी लिहितो.

ज्या एजन्सीने तुमची मुलाखत घेतली तिच्याकडे नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना, म्हणजे आरपीएसएल, चालू स्थितीत आहे का, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. एजन्सीने दाखवलेल्या छायाप्रतीवर विसंबू नका. इंडोस क्रमांक (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीतला तुमचा क्रमांक), सीडीसी (खलाशाची सेवापुस्तिका), आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लागणारे मूलभूत सुरक्षेचे एसटीसीडब्ल्यू अभ्यासक्रम आणि प्रवासी जहाजासाठीचे गर्दी-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण एवढे तुमच्या हाती हवे. भारताने 2015 मध्ये सागरी श्रम करार, म्हणजे एमएलसी, मान्य केला आहे. त्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पारपत्र यांचा खर्च तुमच्याकडे असू शकतो, पण व्हिसाचा खर्च जहाजमालकाने करायचा असतो. माझ्याच नात्यातील एका मुलाने “प्रक्रिया शुल्क” म्हणून मोठी रक्कम भरली, त्याला सुंदर छापलेले नियुक्तिपत्र मिळाले, आणि त्या नावाचे जहाज त्या बंदरात कधी आलेच नव्हते.

करारात आणखी तीन गोष्टी शोधा: मूळ पगार आणि टिपांचा वाटा वेगवेगळा लिहिला आहे का, टिपांची किमान रक्कम हमीची आहे का, आणि परतीचे विमान कोणाच्या खर्चाने. विश्रांतीचा नियम कोणत्याही चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत 77 तास असा आहे, आणि त्या नोंदीवर तुमची सही घेतात. न घेतलेल्या विश्रांतीखाली सही करू नका, हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

माझे वैयक्तिक मत असे की आधी मोठ्या जहाजावर एक-दोन करार करावेत आणि मग अशा ठिकाणी जावे. तिथे शिस्त आणि बढतीची शिडी दोन्ही स्पष्ट असतात.

हर्णैचा_डेकवाला

शेवटच्या मुद्द्याशी सहमत नाही. मोठ्या जहाजावर सात-आठ महिने एकाच मार्गिकेत काढलेला मुलगा छोट्या जहाजावर आला की “हे माझ्या विभागाचे नाही” ही सवय घेऊनच येतो, आणि ती मोडायला निम्मा हंगाम जातो. बढतीच्या जागा कमी असतात, एवढे मात्र मान्य.

वसईहून_वहिनी

माझे यजमान अशाच एका जहाजावर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, आहेत, म्हणून घरच्या बाजूने लिहिते.

उशुआयाची वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे. रात्रीचे जेवण आटोपून ते दहाला मोकळे होतात तेव्हा इकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात, म्हणजे मुलाचा डबा, कुकरच्या शिट्ट्या आणि त्यांचा फोन हे सगळे एकाच वेळी. पूर्वी इंटरनेटचे कार्ड विकत घ्यावे लागे आणि आठवड्यातून एकदा तुटक आवाज ऐकू येई. आता उपग्रहाची सोय बरीच सुधारली आहे, आणि त्यामुळे “काल फोन का नाही केला” हे भांडणही नव्याने सुरू झाले आहे. आईंना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन आला नाही तर घाबरायचे नाही.

पहिल्या महिन्याचा पगार घरी पोचायला वेळ लागतो, तेव्हा निघताना दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा आणि घरी किती अलॉटमेंट, म्हणजे पगारातून थेट घरी पाठवायची रक्कम, जाईल हे साइन ऑन करतानाच लिहून द्या. आणखी एक, निघण्यापूर्वी दात तपासून घ्या. जहाजावर डॉक्टर असतात, दंतवैद्य नसतात. यांनी एक अक्कलदाढ ड्रेकपासून उशुआयापर्यंत लवंग चावत सांभाळली होती.

गणपतीचे म्हणाल तर दक्षिणेचा हंगाम तुमच्या सोयीचा आहे. नोव्हेंबरात जाऊन मार्चअखेर परतलात तर गणपती नक्की मिळतील, दिवाळी कधी मिळेल आणि कधी नाही, शिमगा मात्र हुकेल. हीच जहाजे उत्तरेकडच्या उन्हाळ्यात आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांकडे जातात आणि तो करार सप्टेंबरपर्यंत लांबतो, म्हणून “पुढचा करार उत्तरेचा घेता का” असे विचारले की कॅलेंडर पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. आमच्या घरी दोन वर्षे आरतीला ते व्हिडिओ कॉलवर होते.

कुडाळचा_पाहुणा

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. एजन्सीचा परवाना संकेतस्थळावर पाहिला. तो चालू आहे. टिपांच्या हमीविषयी ईमेलने विचारले आहे आणि उत्तर लेखी मागितले आहे. दंतवैद्याची वेळ शनिवारची मिळाली. एकच शंका उरली: आई सुका बांगडा आणि घरचा मसाला बांधून देणार म्हणते. नेता येईल का?

तारवटी_मडगाव

बांगडा घरीच ठेवा. विमानतळावर सुकी मासळी आणि बिया यांच्यावर बारीक नजर असते, आणि जहाजावर तर आपणच दुसऱ्यांच्या खिशातल्या बिया वेचत असतो. मसाला पूर्ण दळलेला, दुकानातील सीलबंद पाकिटातला घ्या आणि कस्टमच्या अर्जावर त्याची नोंद करा. काढून घेतला तर वाद घालू नका. कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये भात रोज असतो, कारण निम्मी मंडळी फिलिपिनो असतात, आणि मासळीही असते, फक्त तिला तिखट नसते. पहिल्या आठवड्यात गॅलीतल्या माणसाशी ओळख करून घ्या. लोकरीचे मोजे मात्र सहा जोड न्या; मड रूमची फरशी कायम ओली असते.