मदत हवी आहे: घरात साप निघतोय, औषधाचं नाव सांगा

निवांत_दुपार
तीन दिवसांत दोनदा साप निघाला. सर्पमित्राला फोन केला तर तो दुसऱ्या तालुक्यात, तो येईपर्यंत साप काय वाट पाहत बसणार आहे? घरात म्हातारी आई आहे. फवारायचं काही औषध असेल तर नाव सांगा, आजच आणतो. "घाबरू नका" एवढंच लिहायचं असेल तर लिहू नका.

धुऱ्यावरचा
कोणता साप? केवढा? कुठं निघाला? घर स्लॅबचं का कवेलूचं? काहीच सांगत नाई अन् औषधाचं नाव पाह्यजे.

निवांत_दुपार
दारव्ह्याकडचं गाव. पुढं स्लॅब, मागची खोली कवेलूची. साप काळा होता. साप म्हणजे साप, त्यात काय मोजमाप करायचं?

लसणाची_फोडणी
उंबरठ्याबाहेर कार्बोलिक अ‍ॅसिड शिंपडा. खिडकीत लसूण ठेचून ठेवा. आमच्याकडे 11 वर्षांत एक साप नाही.

पुण्यातला_नागपूरकर
तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, मागच्या धाग्यात तुम्हीच लिहिलं होतं.

लसणाची_फोडणी
तिसऱ्या मजल्यावरही साप येतात. माहीत नसेल तर बोलू नये.

चिमटा_आणि_पोतं
अ‍ॅसिड, फिनाईल, रॉकेल, गंधक, कशानंच साप थांबत नाही. मी पकडायला जातो त्या घरांत अंगणभर फिनाईलचा वास असतो आणि साप त्याच अंगणात असतो. वर ते अ‍ॅसिड पोराच्या पायावर पडलं तर कातडी जळते, ते वेगळंच.
निवांत, काळ्या अंगावर पांढरे पट्टे होते का?

निवांत_दुपार
हो, होते ना. पहिला भिंतीवर, ट्यूबलाइटच्या वायरीमागं. दुसरा रात्री न्हाणीपाशी, खाली. दोन्ही सारखेच.

चिमटा_आणि_पोतं
हे आधी सांगायचं होतं. भिंतीवरचा बहुतेक कवड्या. तो बिनविषारी, पालींमागं सरसर भिंत चढतो. त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक आणि शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं: डोक्यामागं काही अंतर पट्टे नसतात, मग बारीक जोडीजोडीनं सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. पाठीच्या मधोमध मोठे षटकोनी खवले. पण हे पाहायला जवळ जाऊ नका. न्हाणीजवळचा मण्यारच समजून वागा.
आई कुठं झोपते?

निवांत_दुपार
खाली, मागच्या खोलीत. खाटेवर तिची पाठ दुखते. त्याचा इथं काय संबंध?

चिमटा_आणि_पोतं
सगळा संबंध तिथंच आहे. मण्यार रात्री फिरते आणि खाली झोपलेल्या माणसाला चावते. फारसं दुखत नाही, सूज नाही, दातांची खूण सापडतही नाही. पहाटे पोट दुखतं, लोक अपचन समजून ओवा देतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडकतो. आजपासून आई खाटेवर. मच्छरदाणी लावून चारही कडा गादीखाली खोचायच्या.

धुऱ्यावरचा
अन् मागच्या खोलीत काय काय भरलं हाय, ते सांग.

निवांत_दुपार
कुटार म्हणजे गुरांचा भुसा, थोड्या तुराट्या, गोवऱ्या. सगळ्यांकडे असतं तेच.

धुऱ्यावरचा
झालं मंग. कुटारात उंदीर, उंदरामागं साप. इंधन भिंतीपासून दूर, विटांवर रच. न्हाणीच्या पाईपाले बारीक जाळी बसव. दाराखालची फट बुजव. रात्री बाहेर निघतानी बॅटरी घे, अन् गोवरी काढतानी आधी काठीनं हालव. न पाह्यता ढिगात हात घालाले आपण शहाणे, मंग सापाले बोल लावतो.

पिंपळपार
आमच्या गावात एक बुवा मंत्रानं उतरवतात. माझ्या काकाला डोळ्यांदेखत बरं केलं.

पुण्यातला_नागपूरकर
कोणता साप होता?

पिंपळपार
साप कोणी पाहिला? पण बरं झालं ना.

चिमटा_आणि_पोतं
बिनविषारी चावला तरी बुवा पास, विषारीनं विष सोडलं नाही तरी बुवा पास. जो मेला तो उशिरा आला म्हणून मेला. दोर आवळू नका, चिरू नका, चोखू नका. चावलेला हातपाय न हलवता 108 ला फोन, किंवा मिळेल त्या गाडीनं ग्रामीण रुग्णालय. लक्षणांची वाट पाहायची नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच प्रतिविष आहे, म्हणून साप मारून सोबत न्यायची गरज नाही. मण्यारीत श्वास थांबू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर कुठल्या दवाखान्यात आहे हे आजच विचारून ठेवा.

सातबारा
सर्पदंशानं शेतकऱ्याचा मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे योजनेत 2 लाख मिळतात. कागदपत्रं हवी असतील तर सांगा.

निवांत_दुपार
आई जिवंत आहे.

सातबारा
माहिती म्हणून दिली.

लसणाची_फोडणी
नागद्वारच्या यात्रेला कोणी जाणार आहे का? नागपूरहून गाडीत दोन जागा आहेत.

धुऱ्यावरचा
राजेहो, दुसरा धागा काढा.

निवांत_दुपार
न्हाणीजवळ पुन्हा दिसला. काठी घेतलेली आहे. मारू का?

चिमटा_आणि_पोतं
नाही. मारायला गेल्यावर लोक चावून घेतात, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाही आहे. लांबून नजर ठेवा, लाइट चालू ठेवा, वन विभागाला 1926 वर सांगा.

निवांत_दुपार
दोन तासांनी दोघं आले. मण्यारच होती, बरणीत भरून नेली. कुटार उद्या कोठ्यात हलवतो. आईला समजावलं, पाठीची कुरकुर करत का होईना, खाटेवर झोपली.

धुऱ्यावरचा
चांगलं केलं. घरात खाटा किती?

निवांत_दुपार
एक.

धुऱ्यावरचा
मंग तू आत्ता कुठून लिहून राहिला?

निवांत_दुपार
खालून. मच्छरदाणी आहे.

चिमटा_आणि_पोतं
खोचली का चारही बाजूंनी?