शिकागोहून पाँटिॲक, ओडेल: गाडीने की ट्रेनने? आणि सावंतवाडीसाठी काय बघून यावं?

झारापतिठा: जूनमध्ये शिकागोला जायचंय. एक दिवस रूट 66 या जुन्या अमेरिकी महामार्गावरच्या पाँटिॲक आणि ओडेल या गावांसाठी ठेवलाय. कसं जावं? दुसरं म्हणजे, झाराप-पत्रादेवी बायपासनंतर मुंबई-गोवा महामार्गावरची गाडी सावंतवाडीच्या बाजारात येत नाही. तिकडे आय-55 या नव्या महामार्गाने तेच केलं. त्या गावांनी पुढे काय केलं, ते नीट बघायचंय.

खाडीकाठ: नुसतं पाँटिॲक असेल तर ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीची लिंकन सर्व्हिस ही ट्रेन, शिकागोच्या युनियन स्टेशनहून साधारण दोन तास. रूट 66 चं संग्रहालय जुन्या अग्निशमन केंद्रात आहे, स्टेशनातून चालत जाता येतं. पण ट्रेन ओडेलला थांबत नाही आणि ओडेल चुकवू नये, म्हणून गाडी घ्या. आय-55 ने पाँटिॲक सुमारे 160 किमी. ड्वाइटला महामार्ग सोडा आणि ‘हिस्टॉरिक रूट 66’च्या तपकिरी पाट्या धरा. मॅपवर थेट पाँटिॲक टाकलंत तर तो परत आय-55 वर काढतो. ड्वाइट, ओडेल असे थांबे टाका.

बांदेकर_६६: निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा: फॉर्म 4ए, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. तिथल्या पंपाचं मशीन कार्डाचा पाच आकडी झिप कोड मागतं. आपला पिनकोड सहा आकडी, त्यामुळे व्यवहार अडतो. आत काउंटरवर पंपाचा नंबर सांगून आधी पैसे भरा. दुपदरी रस्त्यावर स्कूलबसचे लाल दिवे लागले की समोरून येणाऱ्यानेही थांबायचं असतं.

चितारआळी: ओडेलचा 1932 चा पेट्रोलपंप बघाच. एके काळी तिथे वाहतूक एवढी होती की रस्ता ओलांडायला खालून भुयारी वाट काढावी लागली. पुढे रस्ता गावाबाहेरून गेला, पंपही बंद पडला. गावाने तो विकत घेतला आणि स्वयंसेवकांनी दुरुस्त केला. पाँटिॲकमध्ये 2009 साली वॉलडॉग्ज गटाच्या चित्रकारांनी भिंती रंगवल्या. माणूस गाडीतून उतरून बाजारात चालतो तो त्या भिंतींमुळे, हे तिथे चालताना ध्यानात घ्या.

आपल्याकडे पहिलं काम पाटीचं. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. वळणाच्या तोंडावरची पाटी वाचेपर्यंत वळण मागे पडतं. मुंबईकडून झारापच्या आणि गोव्याकडून इन्सुलीच्या अलीकडे एक पाटी 1 किमीवर, दुसरी 300 मीटरवर हवी. त्यावर लाकडी खेळणी, गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते), अंतर आणि पार्किंग, एवढंच. मग पाहुण्यांना मोती तलाव ते चितारआळी, म्हणजे खेळण्यांच्या बाजारापर्यंत, चालत फिरवता येतं.

खाडीकाठ: भिंती रंगवायच्या असतील तर दिवाळीनंतरच. चिऱ्याची भिंत पावसाळाभर पाणी पिते. ओल आत असताना रंग लावला की उन्हाळ्यात फुगे येऊन पापुद्रे सुटतात. आधी पागोळ्यांना पन्हळ लावा, फुटका गिलावा काढून नवा करा, तो निदान 28 दिवस सुकू द्या. मग बाहेरच्या भिंतींचा प्राइमर आणि वर ॲक्रिलिक इमल्शन. ऑइलपेंट नको, तो ओल आतच कोंडतो.