कमी बजेटचे सूडपट: हिरोचा हात थरथरतो तोवरच मला मजा येते

रात्रपाळी:
मला स्वस्तातले सूडपट मनापासून आवडतात. तेच ते नेहमीचं, साधा माणूस, घरच्यांवर हल्ला, पोलिसांकडून काही होत नाही, कोर्टातून आरोपी सुटतात आणि मग हा एकटाच बाहेर पडतो. गोष्ट पाठ असते, पोस्टर बघूनच शेवट कळतो, तरी मी बसतो आणि पूर्ण बघतो. हीच गोष्ट शंभर पट पैसे ओतून काढली की मात्र अर्ध्या तासात माझा हात मोबाइलकडे जातो. असं का होतं यावर बरेच दिवस डोकं चालवतोय.

मला वाटतं पैसा नसणं हीच या सिनेमांची ताकद आहे. महिनोन्महिने ट्रेनिंग घेतलेला नट नाही, पन्नास कॅमेरे नाहीत, त्यामुळे मारामारी बेंगरूळ होते, आणि खरी मारामारी बेंगरूळच असते ना! २०१३ चा 'ब्लू रुइन' घ्या. जेरेमी सॉल्नियरने स्वतःच लिहिला, स्वतःच कॅमेरा धरला, थोडे पैसे किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकांकडून जमवले. त्यातला हिरो गाडीत राहणारा, खचलेला माणूस. बारच्या बाथरूममध्ये तो सुरीने पहिला खून करतो, बाहेर पळतो, पाठलाग होऊ नये म्हणून समोरच्यांच्या गाडीचं टायर फोडायला जातो तर सुरी घसरून स्वतःचाच हात कापून घेतो. मग लक्षात येतं की आपल्या गाडीची किल्ली आतच राहिली! मग त्याच फुटक्या टायरच्या गाडीतून पळावं लागतं. पुढे मांडीत बाण घुसतो. सिनेमातला हिरो असा बाण दात आवळून उपटतो, हा पण सगळं सामान आणून प्रयत्न करतो, जमत नाही, आणि सरळ हॉस्पिटलला जातो. तो सीन बघताना माझी स्वतःची मांडी दुखली होती. दोनशे माणसं लोळवणाऱ्या हिरोला बघून असं काहीही होत नाही.

म्हणजे मी सूड बघायला जात नाही, ज्याला ते जमणारच नाहीये असा माणूस ते करायला निघालाय, त्याला बघायला जातो. तुम्हाला काय वाटतं?

ताळेबंद:
असहमत. तुम्ही या प्रकारातला सगळ्यात चांगला सिनेमा उचललात आणि त्याच्यावरून सगळ्या ढिगाची बाजू मांडताय. बाकीच्या ढिगात काय असतं ते बघा ना. पहिल्या पंधरा मिनिटांत बायको नाहीतर मुलगी मारायची, तिला धड दोन वाक्यं पण नसतात, ती फक्त हिरोला बंदूक हातात घ्यायला कारण म्हणून असते. व्हिलन लोकांना नाव नाही, घर नाही, मागचं पुढचं काही नाही. हिशेब आधीच मांडून ठेवलेला असतो हो, आपण फक्त शेवटी बेरीज बघायला बसायचं.

आणि ज्या सिनेमाची नक्कल करून हा सगळा ढीग उभा राहिला तो १९७४ चा 'डेथ विश', त्यात तर सूड पण नाही! हिरो झालेल्या चार्ल्स ब्रॉन्सनच्या सिनेमातल्या बायकोला मारणारे लोक त्याला शेवटपर्यंत सापडत नाहीत. तो रात्री रस्त्यावर, पार्कात, रेल्वेत फिरून लुटायला येणाऱ्या भलत्याच लोकांना गोळ्या घालतो आणि लोक त्याला डोक्यावर घेतात. मूळ कादंबरी ब्रायन गारफिल्डची, १९७२ ची. त्याला सिनेमाने या माणसाचा केलेला उदोउदो अजिबात पटला नाही, आणि १९७५ मध्ये त्याने पुढचा भाग लिहिला तो या वाटेने काय होतं हे दाखवायला. लिहिणाराच धोक्याची घंटा वाजवत होता आणि थिएटरमधले टाळ्या वाजवत होते. मला या प्रकारात नेमकं हेच खुपतं.

रात्रपाळी:
@ताळेबंद, बायको-मुलीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण डेथ विशचंच बघा. पहिल्या भागात त्याचं पहिलं हत्यार काय, तर मोज्यात भरलेली नाणी. ती एकाला हाणतो आणि घरी येऊन थरथरत दारू ओततो. पहिला खून केल्यावर घरी येऊन ओकतो. तेच १९८५ च्या तिसऱ्या भागात त्याच्या हातात रॉकेट लाँचर आहे! मोज्यातल्या नाण्यांपासून रॉकेट लाँचरपर्यंत, आणि मधे कुठेतरी ते ओकणं गळून गेलं. माझं भांडण तिथेच आहे. थरथर गेली की मग तुम्ही म्हणता तेच उरतं.

जुना प्रोजेक्टर:
यात धंद्याची बाजू पण बघा कोणीतरी. सूडाच्या गोष्टीला सेट लागत नाही, रस्ता, गोडाऊन, एखादी खटारा गाडी, झालं. पोस्टरवर एक माणूस आणि एक बंदूक, भाषा येत नसली तरी सिनेमा कळतो, त्यामुळे तो कुठल्याही देशात विकता येतो. व्हिडिओ कॅसेटच्या दिवसांत भाड्याच्या दुकानात अख्खी फळीच्या फळी याच मालाने भरलेली असायची.

पण खटारा गाडीतून सोनं पण निघतं. १९७९ चा 'मॅड मॅक्स' साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये झाला. दिग्दर्शक जॉर्ज मिलर तेव्हा डॉक्टर, अपघातात चिरडून आलेली माणसं त्याने हॉस्पिटलमध्ये स्वतः बघितलेली. पैसे नव्हते म्हणून एका सीनमध्ये स्वतःची व्हॅनच फोडायला दिली. त्या सिनेमात टक्कर झाली की आपण सीटवर दचकतो ते त्यामुळे, तो माणूस लोखंडाने हाडाचं काय होतं हे बघून आलेला होता. आणि गंमत म्हणजे सूड शेवटच्या थोड्या मिनिटांत आहे, बाकी सगळा वेळ भीतीच. रात्रपाळी, तुमच्या म्हणण्याला +१.

तिसरी बाजू:
मी कोर्टकचेऱ्यांची कामं जवळून बघितली आहेत त्यामुळे थोडं लांब लिहितोय. या सिनेमांतलं मला सगळ्यात मोठं खोटं वाटतं ते गोळीबार नाही, ओळखणं! हिरोला नेहमी खरा माणूस सापडतो. हातावरचा टॅटू, चेहऱ्यावरचा वण, कोणाचं तरी हसणं, बस, ओळखलं, आणि तो तोच निघतो. खऱ्या आयुष्यात माणसाची ओळख इतकी कच्ची असते की अंगावर काटा येईल. अमेरिकेत इनोसन्स प्रोजेक्ट नावाची संस्था आहे, डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरून सुटलेल्या लोकांच्या केसेस त्यांनी अभ्यासल्या, त्यातल्या साधारण दोन तृतीयांश केसेसमध्ये डोळ्यांनी बघितलेल्या साक्षीदारानेच चुकीचा माणूस ओळखला होता. हे साक्षीदार खोटारडे नव्हते, मनापासून खात्री होती त्यांना! आता त्या खात्रीच्या हातात कोर्टाऐवजी बंदूक द्या आणि विचार करा. कोर्ट हळू चालतं म्हणून आपण चिडतो, मी पण चिडतो, पण त्या हळूपणातला काही भाग तरी 'हाच तो का' एवढं विचारण्यात जातो.

आणि सूडाने बरं वाटतं हे पण तपासून बघितलंय लोकांनी. २००८ मध्ये कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी खेळातून प्रयोग केला होता, फसवणाऱ्याला शिक्षा करायची संधी ज्यांना मिळाली ते नंतर जास्त नाराज होते, आणि त्या माणसाचाच विचार जास्त करत बसले. ज्यांना संधीच नव्हती ते सोडून पुढे गेले.

रात्रपाळी:
@तिसरी बाजू, तो प्रयोग स्वतः शिक्षा करणाऱ्यांचा आहे, पडद्यावर बघणाऱ्यांचा नाही, एवढं तरी मान्य करा. ओळखण्याचा मुद्दा जबरदस्त आहे. पण याच स्वस्त सिनेमांनी तो कधी मांडलाच नाही असं नाही. १९८१ चा अबेल फेराराचा 'मिस ४५' बघा. शिवणकाम करणारी मुकी मुलगी, तिच्यावर एकाच दिवसात दोनदा बलात्कार होतो, तिच्या हातात पिस्तूल येतं, आणि बघता बघता ती ज्यांनी काहीच केलेलं नाही अशा पुरुषांना पण मारायला लागते. आपण तिच्या बाजूने असतो, असतो, आणि मग एका क्षणी कळतं की आपण कधीच थांबायला हवं होतं. मोठ्या बजेटच्या हिरोईनला असं घसरू देणारा निर्माता सापडणं अवघड आहे.

खिडकीपाशी:
बरेच दिवस वाचतेय, आज लिहिते. तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी माझी बॅग खेचली, मी पट्टा सोडला नाही म्हणून फरफटत गेले आणि खांदा निखळला. तक्रार दिली. चार-पाच वेळा विचारायला गेले, दरवेळी नवीन माणूस, दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि दरवेळी 'बघतोय आम्ही'. नंतर जाणं सोडलं.

त्या काळात रात्री झोप यायची नाही तेव्हा मी हेच सिनेमे लावायचे, एकामागून एक, नावं पण आठवत नाहीत. आणि एक सांगते, मी गोळीबाराची वाट बघत नव्हते. प्रत्येक सिनेमात एक सीन असतो, टेबलापलीकडचा माणूस हिरोला म्हणतो की आम्ही प्रयत्न करतोय, आणि कॅमेरा हिरोच्या चेहऱ्यावर थांबतो. नट कसाही असो, तिथे तो गप्प बसतो. मी तो सीन मागे नेऊन परत बघायचे. कोणीतरी तो चेहरा बघितलाय एवढंच पुरायचं मला. त्यामुळे ताळेबंद, हिशेब आधीच मांडलेला असतो हे खरं असेल, पण माझ्यासारख्यांचा हिशेब तर कुठेच मांडला जात नाही हो.

आता तिसरी बाजू यांच्यासाठी. वर्षभराने मला तो दिसला. चाल तीच, डावा खांदा थोडा पुढे टाकून चालायचा, मानेवरून खाली उतरलेले केस तसेच. मला शंभर टक्के खात्री होती. दोन गल्ल्या त्याच्या मागे गेले, काय करणार होते देव जाणे, हातात छत्री घट्ट धरलेली. सिग्नलला तो वळला. पन्नाशीचा माणूस, जाड चष्मा, हातात औषधांची पिशवी. माझी बॅग खेचणारा विशीतला पोरगा होता.

तरी मी हे सिनेमे बघते अजून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तिसरी बाजू:
@खिडकीपाशी, ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी इतकी वर्षं हे आकड्यांत सांगतोय, कोणाला पटत नाही.

ताळेबंद:
ताई, तो टेबलाचा सीन मी नेहमी पुढे ढकलतो, भरताड समजून. आता नाही ढकलणार. बाकी माझं मत तेच आहे, रॉकेट लाँचरवाल्या सिनेमांचं मी कौतुक करणार नाही. एक विचारू का, तो माणूस वळल्यावर तुम्ही काय केलंत?

खिडकीपाशी:
काही नाही. त्याला किती वाजले विचारलं. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, घड्याळ बघितलं आणि पावणेआठ म्हणून सांगितलं.