फॉक्सटेल पामची सुरळी ओढली तर हातातच आली... झाड गेलं का?

मावळी_हौशी | 3 ऑगस्ट

नमस्कार मंडळी. तळेगावला राहतो, घराभोवती मिळून दीड गुंठा मोकळी जागा असेल आणि गेली सहा वर्षं पाम गोळा करायचं वेड लागलंय. सध्या अकरा जाती आहेत असं मी अभिमानाने सांगायचो, मग कळलं की त्यातले दोन पामच नाहीत, सायकस आणि ट्रॅव्हलर्स पाम, नर्सरीवाल्याने बिनधास्त पाम म्हणून गळ्यात मारले. म्हणजे नऊ. आणि आता बहुतेक आठ.

तर झालंय असं की माझा फॉक्सटेल, चार वर्षांपूर्वी कमरेएवढा आणलेला, आता नऊ फुटांच्या वर गेलाय, येणाराजाणारा त्याच्यासमोर थांबून फोटो काढतो. जुलै अखेरीला इकडे पाऊस कसा कोसळला ते मावळवाल्यांना सांगायला नको. काल उघडीप मिळाली म्हणून शिडी लावून वर बघितलं तर बाकी पानं हिरवीगार पण मधली न उघडलेल्या पानाची सुरळी चहाच्या रंगाची झालेली. सहज दोन बोटांनी धरून ओढली तर हातभर लांबीची अख्खी सुरळी सुळकन बाहेर आली. जोर लावलाच नाही हो. खालचं टोक लिबलिबीत, भातासारखं पांढरट, आणि वास असा की शिडीवरून पडलो असतो.

नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणाला सगळी पानं छाटून टाका, खालून नवीन फुटवा येईल. घरून सूचना आलीय की काढून टाका आणि तिथे पेरू लावा, निदान खाता तरी येईल. मला तिसरा पर्याय हवाय. कुणाचं असं झालेलं झाड वाचलंय का?

खाडीकाठचा_बागायतदार | 3 ऑगस्ट

दादा, पहिली गोष्ट, कोयता आत ठेवा. एक पान छाटू नका. नारळ घ्या, पोफळ घ्या, तुमचा तो फॉक्सटेल घ्या, एका खोडाच्या पामला वाढीचा कोंब एकच, वर शेंड्यात. आंब्यासारखा खालून फुटवा येत नसतो. कोंब मेला की झाड मेलं, फक्त खालच्या पानांना ते कळायला सहा महिने लागतात, म्हणून माणूस फसतो. आणि कोंब जिवंत असेल तर तो आता त्या हिरव्या पानांच्याच जिवावर परत वर येणार आहे, तीच कापली तर खाणार काय.

दुसरं, ही कूज आहे की भुंगा ते आधी बघा. आमच्या गुहागर साईडला शेंडा गेला की लोक डोळे झाकून गेंड्या भुंग्याला शिव्या देतात पण प्रत्येक वेळी तो नसतो. गेंड्या भुंगा असेल तर शेंड्याच्या बुडाशी अंगठा जाईल एवढं भोक आणि तोंडाशी चावलेल्या काथ्याचा चोथा दिसतो, आणि आधी उलगडलेली पानं बघा, कात्रीने कातरल्यासारखे त्रिकोणी काप असतात. सोंड्या भुंगा असेल तर गोष्ट वाईट, खोडातून तांबूस चिकट रस येतो आणि रात्री शांत असताना खोडाला कान लावला की आत करकर ऐकू येतं. माझ्या वडिलांनी मला लहानपणी ते ऐकवलं होतं, अंगावर काटा आला होता. गेंड्याने केलेल्या जखमेच्या वासावर सोंड्याची मादी येते आणि तिथेच अंडी घालते, म्हणून गेंड्याकडे दुर्लक्ष करू नये. शेजारी शेणखताचा ढीग असेल तर उलथून बघा, गेंड्याच्या जाड पांढऱ्या अळ्या तिथेच वाढतात.

भोक नाही, चोथा नाही, नुसता घाण वास आणि लिबलिबीत टोक, तर मग कोंब कुज. पावसाळ्यातला बुरशीचा रोग, माडाला पण होतो. जुन्या चमच्याने पोकळीतला सडका भाग खरवडून काढा, पांढरं घट्ट मांस लागलं की थांबा. मग बोर्डो पेस्ट भरा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत, आणि मोरचूदाचं पाणी चुन्यात ओतत ढवळायचं. लोखंडी सुरी घासून त्यात मिनिटभर बुडवा, पात्यावर तांब्याचा थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. वरून मातीचं मडकं पालथं घाला, थोडं तिरपं, म्हणजे पाऊस आत जाणार नाही पण वारा खेळेल. बस.

अंगणातली_तुळस | 4 ऑगस्ट

आमच्या आजोळी मालवणला माडाच्या शेंड्यात मीठ आणि वाळू घालायचे, कधी हिंगाचा खडा पण. पाडेली नारळ काढायला चढला की आजी त्याच्याकडे पुडी द्यायचीच. मूठभर खडे मीठ टाकून बघा ना, साधा उपाय आहे, नुकसान तर काही नाही.

पाम_पागल_बदलापूर | 4 ऑगस्ट

ताई, नुकसान आहे. माड खाऱ्या वाऱ्यातला गडी, त्याला क्लोराईड लागतंच, त्यामुळे आजीचं मीठ माडाला मानवायचं. आणि त्यात खरं काम वाळू करायची, पानांच्या बेचक्यात वाळू असली की भुंग्याला आत शिरताना खरचटतं. इथे आधीच उघडी जखम आहे, त्यात फॉक्सटेलच्या कोंबावर मूठभर मीठ म्हणजे राहिलेला जीव पण जायचा.

मावळी, माझं ऐका, मी यातून गेलोय. माझा बिस्मार्किया पाम, 2021 चा पावसाळा, सेम सुरळी हातात. मी केमिस्टकडून 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं आणि पोकळीत अर्धा कप ओतलं. सोडा फुटल्यासारखा फेस वर आला, काळपट घाण घेऊन. दोन दिवसाआड ओतत राहिलो, चौथ्या वेळी फेस जवळपास आलाच नाही, मग कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला 3 ग्रॅम. खाडीकाठच्या काकांची बोर्डो पेस्ट पण चालेल, पण दोन्ही एकाच दिवशी करू नका, आधी पेरॉक्साइड, ते सुकलं की पुढचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मार्कर पेन. पोकळीच्या तोंडाशी, मधल्या भागावर आणि त्याला लागून असलेल्या पानाच्या देठावर एकच आडवी रेघ मारून ठेवा. झाड जिवंत असेल तर मधली रेघ वर सरकते आणि देठावरची तिथेच राहते. हे नाही केलं तर रोज शिडीवर चढून "हललंय का, नाही हललं" करत वेड लागतं, मला लागलं होतं, बायकोने शिडी लपवून ठेवली होती. माझ्या बिस्मार्कियाची रेघ 11 आठवडे ढिम्म. मग एक दिवस दोन मिलीमीटर. सात महिन्यांनी पहिलं पान आलं ते अर्धंच, टोकं करपलेली, उंदराने कुरतडल्यासारखं, दुसरं जरा बरं, तिसरं एकदम चांदीसारखं. आज सात फुटी आहे.

आणि एक प्रश्न, हे का झालं? पाऊस तर दरवर्षी पडतो. फॉक्सटेल मूळचा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या केप मेलव्हिलचा, तिथे मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या दगडांमधे उगवतो, पाणी पडलं की निघून जातं. शास्त्रीय नाव मिळालं 1983 साली, म्हणजे जगाच्या दृष्टीने झाड माझ्यापेक्षा लहान. पाऊस त्याला चालतो, शेंड्यात पाणी साचून राहिलेलं चालत नाही. तुमच्याकडे काहीतरी वेगळं घडलंय यावर्षी.

नर्सरी_नको_रे_बाबा | 4 ऑगस्ट

विषयांतर करतोय, पण तो फॉक्सटेलच आहे ना? आमच्याकडे बॉटल पाम म्हणून दिलेला रॉयल निघाला. खरा बॉटल पाम मॉरिशसकडचा, बुटका, बुडाशी सुरईसारखा फुगलेला, आणि इकडे सोसायटीच्या गेटवर जे साठ फुटी "बॉटल" उभे असतात ते क्यूबाचे रॉयल. अरेका पाम विचारला तर सुपारी देतात आणि सुपारी मागितली तर अरेका. बिचाऱ्या सुपारीचं शास्त्रीय नावच अरेका आणि कुंडीतला अरेका मादागास्करचा, त्याचा सुपारीशी काही संबंध नाही. आणि सायकसला सागो पाम म्हणतात म्हणून एक बाई मला विचारत होत्या की साबुदाणा यातून काढता येईल का. अहो विषारी आहे तो, कुत्रं बिया खाईल तरी मरेल, आपला साबुदाणा टॅपिओकाचा.

मावळी_हौशी | 5 ऑगस्ट

नाही हो, फॉक्सटेलच आहे, पानाच्या पात्यांची टोकं माशाने कुरतडल्यासारखी आहेत आणि पाती चहूबाजूंनी फुटलेली, खात्री करूनच घेतलेला.

आणि बदलापूरकर, तुमच्या प्रश्नाने माझी झोप उडवली. काल संध्याकाळी धो धो पाऊस आला तेव्हा छत्री घेऊन झाडाजवळ जाऊन उभा राहिलो. मे महिन्यात आम्ही मागच्या बाजूला पत्र्याची शेड बांधली, तिची पन्हाळ. पन्हाळीचं तोंड बरोब्बर फॉक्सटेलच्या डोक्यावर! पूर्ण शेडचं पाणी नळासारखं थेट सुरळीच्या आत पडतंय, दोन महिने. आणि मी बुरशीला शिव्या देतोय. शेड बांधायची आयडिया माझीच, हे घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, कृपया आणू नका.

बॅटरी मारून बघितलं, भोक नाही, चोथा नाही, रात्री कान पण लावून झाला, फक्त बेडूक ऐकू आले. म्हणजे कूजच. चमच्याने खरवडलं, साधारण चार बोटं खाली गेल्यावर पांढरं घट्ट लागलं. आत्ताच पहिलं पेरॉक्साइड ओतलं, फेस बघून पोरं टाळ्या वाजवत होती.

बिल्लो_माड | 6 ऑगस्ट

गोव्यातून लिहितेय. तुमचा फॉक्सटेल वाचो, पण वाचला किंवा नाही वाचला तरी दहावा पाम कुठला घ्यायचा हे मी सांगते, आपला भेरली माड. आमच्याकडे बिल्लो माड म्हणतात, पानं माशाच्या शेपटीसारखी, लग्नाच्या मांडवाला लावतात ती. सह्याद्रीतला आहे, पावसात वाढलेला, त्याला तुमच्या मावळच्या पावसाचं काय कौतुक. परदेशी पामवर हजारो घालवतात लोक आणि हा फुकटात उगवतो, आमच्या अंगणात उदमांजर फळं खाऊन बिया टाकून जातं, मी नुसती रोपं उचलते. फळांना हात लावू नका मात्र, गराची अशी खाज सुटते की विचारू नका, मी एकदा बिया धुवायला हातमोजे न घालता बसले होते आणि रात्रभर हात बर्फात.

फक्त एक, फुलायला लागला की त्याचं आयुष्य संपत आलं समजायचं. पहिली पोय, म्हणजे फुलोरा, अगदी वर, मग दरवेळी त्याच्या खाली, असं करत काही वर्षं उतरत येतो आणि शेवटची पिकली की उभा वाळतो. आमचा एक असा गेला, आईने त्याला हात लावू दिला नाही, पोपटांनी घर केलं त्यात.

मस्कतहून_मिलिंद | 6 ऑगस्ट

इकडे खजूर आहेत दारात दोन. सोंड्याबद्दल काका बोलले ते शंभर टक्के खरं, हा आपल्याकडचाच भुंगा, 1980 च्या दशकात आखातात पोचला आणि खजुरांची वाट लावली. इथे बागांमधे गंधाचे सापळे लावतात. आणि छाटणीचं, ताजी हिरवी झावळी कापली की त्या वासावर येतो, म्हणून माळ्याला सांगून ठेवलंय की फक्त पूर्ण वाळलेलीच काढायची. तुमच्या नर्सरीवाल्याचा सल्ला ऐकला असतात तर कूज राहिली बाजूला, सोंड्याला आमंत्रण पत्रिका गेली असती.

खाडीकाठचा_बागायतदार | 7 ऑगस्ट

पन्हाळ!! दादा हसू आवरत नाही, राग मानू नका. निसर्ग वादळात, जून 2020, आमच्या पाव्हण्यांच्या श्रीवर्धनच्या वाडीत पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या, निम्मी वाडी दुपारपर्यंत आडवी, तिथे माणूस काय करणार. तुमचं त्या मानाने पाइपच्या एका एल्बोचं काम आहे. पन्हाळ आजच्या आज वळवा, औषध नंतर. खत आत्ता काही घालू नका, नवीन पान येईपर्यंत तर अजिबातच नाही. आणि पुढे कधी खालची जुनी पानं नारिंगी ठिपक्यांची होऊन टोकाकडून वाळायला लागली तर ते पोटॅश कमी पडल्याचं, तेव्हा पण ती पिवळी पानं कापू नका, झाड त्यातूनच पोटॅश ओढून वर नेत असतं.

मावळी_हौशी | 19 ऑक्टोबर

अपडेट द्यायचं राहिलं. पन्हाळ दुसऱ्याच दिवशी वळवली. पेरॉक्साइड पाच वेळा, मग बोर्डो पेस्ट, सुरीवाली टेस्ट पण केली, पहिल्यांदा तांबूस आली म्हणून चुना वाढवला. मडकं मिळेना म्हणून जुनी फुटकी कुंडी पालथी घातली. ऑगस्टमध्ये सगळ्यात खालचं एक पान गेलं, सप्टेंबरात अजून एक, तेव्हा मी पण मनातल्या मनात पेरूची जात ठरवायला लागलो होतो.

मार्करची रेघ रोज बघत नव्हतो, दर रविवारी. आठ रविवार काही नाही. परवा बघितलं तर मधली रेघ देठावरच्या रेघेपेक्षा वर दिसली. मला वाटलं नजरेचा दोष, मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी आणून मोजलं, 4 मिलीमीटर. आज सकाळी परत मोजलं, 9.

शिडी अजून तिथेच लावलेली आहे.

पाम_पागल_बदलापूर | 19 ऑक्टोबर

9!! पहिलं पान वेडंवाकडं येईल, घाबरून कापू नका. आणि शिडी लपवली जाण्याआधी एक फोटो टाका.