गॅरार्ड ३०१ : दुरुस्तीआधी काय काय तपासून घेऊ? मदत हवी आहे

मामांचा गॅरार्ड ३०१, म्हणजे तबकड्या वाजवायचा टर्नटेबल, आता माझ्याकडे आलाय. १९५४ साली निघालेलं हे मॉडेल. आमचा सुरुवातीच्या काळातला, राखाडी रंगाचा आणि ग्रीसच्या बेअरिंगचा आहे. आर्म, म्हणजे सुई धरणारा हात, एसएमई ३००९. कित्येक वर्षं तो बंदच आहे. एक कारागीर म्हणतात, सगळं सुटं करू, नवा रंग मारू, मोटरही बदलू. मला हे पटत नाही. इतक्या विचाराने घडवलेल्या यंत्राचं नेमकं काय दुखतंय ते कळल्याशिवाय त्याला पान्हा लावू नये. आणि रंग तर मुळीच नको.

वीज अजून दिलेली नाही. हाताने तपासलं ते असं: थाळी ढकलली की जेमतेम दीड फेरा फिरून थांबते. मोटरची गती थाळीला देणारं रबरी चाक खटका 'बंद'वर असल्याने कशाला टेकलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला खळगा पडलेला नाही, पण रबर कडक आणि चकचकीत झालंय. मोटरच्या पुलीवर ५० कोरलंय, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठीचीच आहे.

थाळी अडते ती वाळलेल्या ग्रीसमुळे की बेअरिंग झिजल्यामुळे, हे कसं ओळखायचं? वीज देण्याआधी आणखी काय बघू? आणि बालगंधर्व, हिराबाईंच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांना कोणती सुई लावू?

प्रतिसाद

रंगाला नाही म्हणालात, फार बरं केलंत. मोटरही सहसा बदलावी लागत नाही, तिचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) कोरडे पडलेले असतात.

वीज देण्याआधी दोन गोष्टी बघा. व्होल्टेजची जोडणी २००-२५०ची आहे ना? आणि खटक्यातला ठिणगी दाबणारा जुना कपॅसिटर काढूनच टाका. त्यात ओल शिरते, मग तो शॉर्ट होतो, कधी फुटतो. जागी नवा, मेन्सला चालणारा एक्स-२ प्रकारचा घाला.

थाळी शंकूसारख्या दांड्यावर घट्ट बसलेली असते, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. दांडा काढून जुनं ग्रीस रॉकेलने धुवा. धुतल्यावर दांड्यावर नखाला लागतील असे ओरखडे असतील किंवा तो बुशात आडवा हलत असेल, तर झीज आहे. नाहीतर नुसतं ग्रीसच. नवीनही ग्रीसच भरा. या बेअरिंगमध्ये तेल घातलं की गळतं.

मग वेग. ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेषांची स्ट्रोबची चकती घ्या (वेग बरोबर असला की तिच्यावरच्या रेषा स्थिर दिसतात) आणि साध्या पिवळ्या बल्बखाली बघा, बऱ्याच एलईडीखाली रेषा नीट दिसत नाहीत. मोटर अर्धा तास तापू द्या. वेगाची घुंडी टोकाला नेऊनही रेषा मागे सरकत राहिल्या, म्हणजे वेग कमीच पडला, तर मोटरचे बुश उघडायची वेळ आली. वेग जमला पण घरघर ऐकू येतेय, तर पहिला संशय त्या कडक रबरी चाकावर घ्या.

लाखेच्या तबकड्यांची खाच रुंद असते, तिला साधारण ६५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची त्या खाचेच्या तळाशी घासत जाते, ती लावू नका. बेअरिंग उघडलंत की दांड्याचा फोटो टाका, झीज किती आहे ते बघून सांगतो.