शब्दचर्चा: ‘क्रुसेड’ला ‘धर्मयुद्ध’ म्हणावं का?

उंबरठा
मध्ययुगीन युरोपवरच्या एका पुस्तकाचं भाषांतर करतेय आणि एका प्रकरणाच्या मथळ्यापाशीच गाडी अडली आहे. ११व्या-१२व्या शतकात पश्चिम युरोपात जंगलं तोडून नवी शेतं झाली, तोंडं वाढली, ओस पडलेली शहरं पुन्हा नांदती झाली. आणि त्याच काळात पोपच्या हाकेवर हजारो माणसं जेरुसलेमकडे लढायला निघाली, इंग्रजीत ज्याला ‘क्रुसेड’ म्हणतात. मी लिहिलं, ‘आर्थिक पुनरुज्जीवन आणि धर्मयुद्धे’. लिहिलं खरं, पण आता दोन्ही शब्द खटकतात. काय करू?

नाठाळ
काही करू नका. शाळेत आम्ही ‘धर्मयुद्धे’च शिकलो. धर्मासाठी युद्ध ते धर्मयुद्ध. समास सोडवा आणि मोकळ्या व्हा.

सांजवात
समास सोडवताना विभक्ती कोणती घेता, तिथंच सगळी गोम आहे, नाठाळराव. तुम्ही चतुर्थी घेतलीत, धर्मासाठी. आपल्या परंपरेत तो शब्द तृतीयेचा आहे: धर्माने, म्हणजे नियमाने केलेलं युद्ध. सूर्य मावळला की थांबायचं, निःशस्त्रावर हत्यार उगारायचं नाही, पाठ दाखवणाऱ्याला मारायचं नाही. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तेव्हा त्यानं अर्जुनाला आठवण करून दिली ती याच धर्माची. आता १५ जुलै १०९९ ला जेरुसलेम पडलं तेव्हा आत शिरलेल्यांनी मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची कत्तल केली. त्याच्याही तीन वर्षं आधी, पॅलेस्टाईन दृष्टीसही पडलं नव्हतं तेव्हा, याच मोहिमेला निघालेल्या टोळ्यांनी जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्झमधल्या यहुद्यांना कापलं होतं. याला तृतीयेचं धर्मयुद्ध कसं म्हणायचं?

नाठाळ
बरं, विभक्तीत हरलो. मग ‘मुलूखगिरी’ म्हणा. दसरा झाला, शिलंगण केलं, निघाले.

उंबरठा
:) मुलूखगिरीतला माणूस निदान पुढच्या पावसाळ्याच्या आत घरी येतो. ही मंडळी तीन-तीन वर्षं वाटेतच. पण मला एक विचारायचंय. ते लोक स्वतः याला काय म्हणत होते?

खाडीपलीकडे
बाई, तुमच्या या प्रश्नातच उत्तर आहे. १०९५ च्या नोव्हेंबरात क्लेरमाँला पोप दुसऱ्या अर्बननं आवाहन केलं, तेव्हा ‘क्रुसेड’ हा शब्दच अस्तित्वात नव्हता. लॅटिन कागदांत दोन शब्द सारखे येतात, ‘इतेर’ आणि ‘पेरेग्रिनात्सियो’. पहिल्याचा अर्थ वाट, प्रवास. दुसऱ्याचा सरळ अर्थ तीर्थयात्रा. म्हणजे त्यांच्या लेखी ते हत्यारबंद यात्रेकरू होते. नवस बोलायचा आणि त्याची खूण म्हणून कापडाचा क्रूस अंगरख्यावर शिवून घ्यायचा, याला म्हणत ‘क्रूस घेणे’. अशा माणसाला ‘क्रुचेसिग्नातुस’, क्रुसाची खूण धारण केलेला. ‘क्रुसेड’ ही त्या खुणेवरून खूप नंतर पडलेली संज्ञा.

आम्हा वसईकरांना क्रूस हा शब्द परका नाही, उपवासकाळात आम्ही ‘क्रुसाची वाट’ करतोच. मराठी बायबलांत ‘वधस्तंभ’ दिसेल, पण ‘वधस्तंभयुद्ध’ लिहू नका, फाशीच्या शिक्षेवरचा लेख वाटेल.

नाठाळ
म्हणजे आपल्याकडे माळ घालतात तसं! माळकरी, तसे हे क्रूसकरी. घ्या, शब्द तयार.

सांजवात
शब्द कानाला बरा आहे, उपमा मात्र आवरा. माळ घातलेला माणूस मांसमच्छी सोडतो, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो. त्याला या पंगतीला बसवू नका.

खाडीपलीकडे
सांजवातताईंशी सहमत. साम्य नवसापुरतंच आहे. पण या नवसाला एक व्यवहारी बाजू होती, ती उंबरठा यांच्या मथळ्याच्या पहिल्या अर्ध्या भागाला येऊन भिडते. क्रूस घेतला की चर्च तुमच्या घरादाराचं रक्षण करणार. ११४५ मध्ये पोप तिसऱ्या यूजीननं फर्मान काढलं, त्यात क्रूस घेणाऱ्यांना कर्जावरचं व्याज माफ झालं आणि जमिनी गहाण टाकायची मुभा मिळाली. आता ‘गहाण’ या शब्दापाशी थांबा. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट (टोपणनाव साधारण ‘आखूडपाया’) पहिल्या मोहिमेला निघाला तेव्हा हातात छदाम नव्हता. त्यानं १०९६ मध्ये अख्खं नॉर्मंडी धाकट्या भावाकडे, इंग्लंडच्या राजाकडे, १०,००० मार्क चांदीला गहाण टाकलं. भावानं ती रक्कम उभी केली इंग्लंडच्या रयतेवर कर बसवून.

मोडीवाला
याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: ताबेगहाण. नजरगहाणात जमीन मालकाच्याच हाती राहते, ताबेगहाणात सावकार ती कसतो आणि उत्पन्न खातो. भावानं नॉर्मंडीचा कारभारच हाती घेतला होता, तेव्हा भाषांतरात नुसतं ‘गहाण’ लिहून अर्थ अर्धाच उतरेल.

एवीतेवी आलोच आहे तर ‘फिरंगी’बद्दल. पहिल्या मोहिमेत फ्रेंच, नॉर्मन, लोरेनकडचे, इटलीतले, नाना तऱ्हेचे लोक होते. अरबांनी सगळ्यांना एकच नाव ठेवलं, ‘इफ्रंज’ किंवा ‘फरंज’, म्हणजे फ्रँक. फारसीत त्याचं ‘फरंगी’ झालं आणि तेच आपल्याकडे ‘फिरंगी’ होऊन आलं. म्हणजे चाकणच्या फिरंगोजी नरसाळ्याच्या नावात तोच फ्रँक दडलाय. गंमत अशी की मराठी कागदांत फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज, इंग्रज ते इंग्रज, डच ते वलंदेज, आणि जे मुळातले फ्रँक त्यांना मात्र ‘फरासीस’. खऱ्या वारसाला नाव मिळालं नाही, ते भाऊबंदांनी लाटलं. त्यांच्या सरळ लांब पात्याच्या तलवारीलाही आपण फिरंगच म्हटलं. आणि भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘फिरंगरोग’ही आहे, म्हणजे उपदंश.

उंबरठा
फिरंगोजी या प्रकरणात निघतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण मग ‘यात्रा’ हा शब्द घेऊ का? ‘सशस्त्र यात्रा’? कानाला विचित्र लागतं.

मांडवीकाठ
विचित्र लागू द्या, पण ‘यात्रा’ सोडू नका. आपल्या भाषेत यात्रेचीच जत्रा झाली. एकच संस्कृत शब्द: देवाकडे जातो तेव्हा यात्रा, देवळाबाहेर बांगड्या आणि खाजं घेतो तेव्हा जत्रा. युरोपात हुबेहूब हेच झालंय. लॅटिन ‘फेरिया’ म्हणजे सणाचा दिवस, त्यावरून पोर्तुगीज ‘फेइरा’, म्हणजे बाजार. जर्मनमध्ये ‘मेस्से’ म्हणजे चर्चमधली मिस्साही आणि व्यापारी मेळाही. फ्रान्समधल्या शांपेन प्रांतातल्या त्रुवा आणि प्रोव्हँ गावांत १२व्या-१३व्या शतकात मोठे बाजार भरत. फ्लँडर्सची लोकर-कापडं उत्तरेकडून यायची, इटलीवाले दक्षिणेकडून मिरी, रेशीम आणत, आणि तिथं झालेल्या उधारीचा हिशोब पुढच्या बाजाराला चुकता व्हायचा. तुमचं ‘आर्थिक पुनरुज्जीवन’ ते हेच. आमच्या गोव्यात पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांना ‘पुरुमेंताचें फेस्त’ म्हणतात. फेस्त संताचं, खरेदी सुक्या मासळीची. कोण म्हणतो देव आणि बाजार वेगळे?

आणखी एक. ‘क्रुझादो’ हे पोर्तुगीज सोन्याचं नाणं ऐकलंय? १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनी घेतलं, पोपनं नव्या क्रुसेडची हाक दिली आणि पोर्तुगालच्या पाचव्या अफोन्सूनं त्यासाठी १४५७ मध्ये आफ्रिकेच्या सोन्यातून हे नाणं पाडलं. ती मोहीम काही निघाली नाही. राजा दुसऱ्याच वर्षी मोरोक्कोतलं एक ठाणं घेऊन मोकळा झाला. नाणं मात्र राहिलं आणि पुढं मिरीचे भाव त्यात मोजले गेले.

सांजवात
हे क्रुझादोचं सुरेख आहे. पण एक धोका दिसतो. असं लिहिता लिहिता ‘क्रुसेडमुळे व्यापार वाढला’ असं वाक्य येऊन बसतं, ते टाळा. इटलीतल्या अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी पहिल्या मोहिमेच्या कितीतरी आधी जेरुसलेमात यात्रेकरूंसाठी रुग्णालय चालवलं होतं. पिसा आणि जिनोआच्या आरमारानं १०८७ मध्ये उत्तर आफ्रिकेतलं महदिया लुटलं होतं. जहाजं आधी होती म्हणून मोहिमा टिकल्या. आणि मोहिमांनी या शहरांना पूर्व भूमध्य किनाऱ्यावरच्या अक्रा, टायर अशा बंदरांत स्वतःचे मोहल्ले, वखारी आणि जकातीतल्या सवलती मिळवून दिल्या. कोंबडी आधी की अंडं, हे मथळ्यात ठरवून टाकू नका.

मोडीवाला
त्या बंदरांतून शब्दही गेले. अरबी ‘मखझन’ म्हणजे कोठार, तोच इंग्रजीतला मॅगझिन, आणि त्याच धातूचा आपला ‘खजिना’. ‘दिवाण’वरून इटालियन ‘दोगाना’, म्हणजे जकातीचं नाकं. आपल्याकडे दिवाणाच्या नशिबी दिवाणखाना आणि दिवाणी दावे आले. ‘तारीफ’ म्हणजे मुळात माहिती देणं, ओळख करून देणं. आपण तिची स्तुती केली, त्यांनी दरपत्रक केलं, टॅरिफ. शर्करा तर आपलीच, फारसी-अरबीतून जाऊन सिरियाच्या किनाऱ्यावर उसाच्या रूपानं यांच्या पुढ्यात आली.

नाठाळ
म्हणजे त्यांनी जेरुसलेम गमावलं आणि साखर कमावली.

उंबरठा
मथळ्यातला ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द राहिलाच की! :)

खाडीपलीकडे
तो बदला. पुनरुज्जीवन म्हटलं की मराठी वाचकाला एकतर जुनं तेच सोनं म्हणणारे पुनरुज्जीवनवादी आठवतात, नाहीतर बायबलातला थडग्यातून उठलेला लाझरस. ‘प्रबोधन’ तर नकोच, ते पुढच्या काळाला लागलंय. ‘उभारी’ चालेल. ‘व्यापाराची उभारी आणि क्रुसेड’. क्रुसेड तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथं एका वाक्यात ‘क्रूस घेऊन निघालेली हत्यारबंद यात्रा’ सांगा. धर्मयुद्ध शब्द सूचीत द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.

सांजवात
अनुमोदन. ‘उभारी’त शेतही येतं आणि शहरही.

उंबरठा
ठरलं. आता शेवटची शंका. चौथ्या मोहिमेचा करार, १२०१. व्हेनिसनं ३३,५०० माणसं नेण्यासाठी जहाजं आणि शिधा कबूल केला, किंमत ८५,००० मार्क. माणसं आली जेमतेम एक तृतीयांश आणि ३४,००० मार्क कमी पडले. मग देणं फिटेना म्हणून व्हेनिसनं आधी झारा हे ख्रिस्ती शहर घ्यायला लावलं, आणि १२०४ मध्ये स्वारी कॉन्स्टँटिनोपलच लुटून बसली. जेरुसलेम राहिलं बाजूलाच. हे मार्क वाचकाला कळायचे कसे?

मोडीवाला
कोलोनच्या वजनाचा मार्क, चांदीचा. सुमारे २३४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २० तोळे. ८५,००० मार्क म्हणजे १७ लाख तोळे चांदी.

नाठाळ
तोळ्यात लिहू नका. वाचक पुस्तक मिटून आजचा भाव बघायला जाईल.