मदत हवी आहे: वरच्या पदांवर महिला आणि मागासवर्गीय किती, हे माहिती अधिकारात कसं विचारू?

नमस्कार मंडळी,

दापोलीत वाचनालयात कॉलेजच्या मुलांसोबत आम्ही चर्चा ठेवतो. या खेपेचा विषय: सरकारी नोकरीत आरक्षण आहे, मग वरच्या खुर्च्यांवर त्याचं प्रतिबिंब का पडत नाही? मुलं एमपीएससीची तयारी करणारी, त्यामुळे भरतीचे टक्के तोंडपाठ. भरतीनंतर काय होतं, तिथे मात्र सगळे गप्प. राज्यातल्या पदोन्नतीतल्या आरक्षणाचा २००४चा शासन निर्णय उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केला आणि मे २०२१ पासून त्या जागा सेवाज्येष्ठतेने भरायचं ठरलं, हे सांगितलं तर अर्ध्यांना खोटंच वाटलं. सचिवपदाला तर बिंदुनामावलीच (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, हे ठरवणारा तक्ता) नाही, तिथे सरकार निवड करतं.

बायकांचीही तीच गत. न्हावा शेवा बंदर उभं करण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या अण्णा राजम मल्होत्रा १९५१ च्या तुकडीतल्या पहिल्या महिला आयएएस. लग्न केलंत तर नोकरी जाऊ शकते, अशी अट तेव्हा नेमणुकीतच होती. आणि महाराष्ट्राला पहिल्या महिला मुख्य सचिव, सुजाता सौनिक, मिळायला २०२४ उजाडलं! (यावर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आता झालं ना?" झालं म्हणे!)

मला आकडे हवेत, तेही आपल्या कोकणातले. एका कार्यालयात अर्ज केला होता: गट-अ पदांवर महिला किती, प्रवर्गनिहाय किती आणि कमी का? उत्तर आलं, "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." 'का' या प्रश्नाला तर उत्तरच नाही, कारणं विचारायची नसतात, कागद मागायचे असतात, असं एका निवृत्त नायब तहसीलदारांनी सांगितलं.

म्हणून जाणकारांना विचारते:

आकडेवारीऐवजी बिंदुनामावली नोंदवहीची आणि सेवाज्येष्ठता यादीची प्रत मागावी का? ती त्या त्या खात्याकडे मागायची, की कोकण भवनातल्या (विभागीय आयुक्त कार्यालयातल्या) मागासवर्ग कक्षाकडे? आयएएस अधिकाऱ्यांच्या नेमणुकांसाठी सामान्य प्रशासन विभागाला वेगळा अर्ज लागेल ना? राज्याच्या माहिती अधिकार नियमात एका अर्जाला दीडशे शब्द आणि एकच विषय, त्यात पाच जिल्हे कसे बसवू? की आधी त्या उत्तरावर पहिलं अपील करू? तीस दिवसांची मुदत अजून संपलेली नाही.

कोणाकडे अर्जाचा असा मसुदा असेल, ज्यावर आधी माहिती मिळाली आहे, तर कृपया इथेच टाका. अर्ज गणपतीच्या आधी द्यायचाय, नंतर इकडे टेबलावर माणूस सापडणं कठीण.